मूळ प्रत आणि यंत्राने उतरविलेली प्रत



शाळेचे नवे वर्ष सुरू झाले, की पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांच्या खोलीत एक मोठा तक्ता टांगला जातो. कोणत्या वाराला, कोणत्या तासाला, कोणत्या वर्गावर कोणत्या शिक्षकांनी जावयाचे, हे सारे त्या एका तक्त्यात मांडलेले असते. पुढे त्यावरून प्रत्येक वर्गाचे निराळे वेळापत्रक उतरविले जाते आणि ते त्या त्या वर्गाच्या भिंतीवर लागते. आता समजा, भिंतीवरील कागदात एक चूक आढळली. बुधवारी चौथ्या तासाला गणिताचे गुरुजी आठवीवर आणि नववीवर एकाच वेळी दाखविलेले आहेत. एखादा उत्साही विद्यार्थी पुढे होतो आणि पेन्सिलीने खाडाखोड करून 'गणित'च्या जागी 'भूगोल' असे लिहितो. त्या दिवसापुरते काम भागते. परंतु पंधरा दिवसांनी मुख्य तक्त्यावरून नव्या प्रती काढल्या जातात, जुना कागद जाऊन नवा लागतो, आणि ती चूक जशीच्या तशी परत येते. चूक मुळी भिंतीवर नव्हतीच. ती तक्त्यात होती.

ह्या साध्या अनुभवात एक मोठा धडा आहे. जी प्रत दुसऱ्या कशावरून तरी उतरविलेली असते, तिची दुरुस्ती तिच्या मुळाशी जाऊन करावयाची असते. आणि तिच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी ती खरोखर त्याच मुळावरून उतरली आहे ना, हेही पाहावयाचे असते. आज ह्याच धड्याचा विचार आपणांस एका नव्या क्षेत्रात करावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची बांधणी. विषय नवखा वाटेल, परंतु वेळापत्रकाचा तक्ता ध्यानात ठेवला, तर तो समजण्यास मुळीच अवघड नाही.

मुक्त सॉफ्टवेअर आणि पॅकेज

संगणकाकडून एखादे काम करवून घेणाऱ्या आज्ञांच्या समूहास आपण प्रोग्रॅम म्हणतो. माणूस तो 'सी'सारख्या एखाद्या भाषेत लिहितो. माणसास वाचता येणारे आणि बदलता येणारे हे लिखाण म्हणजे त्या प्रोग्रॅमची मूळ संहिता होय. कंपायलर नावाचे साधन तिचे रूपांतर यंत्राच्या भाषेत करते. यंत्रभाषेतील हे रूप केवळ शून्य आणि एक ह्या दोन अंकांचे असल्याने ते माणसास सहजी वाचता येत नाही. मूळ संहिता सर्वांस खुली ठेवणे, ती वाचण्याची, बदलण्याची आणि इतरांस देण्याची मोकळीक देणे, ह्या तत्त्वावर जे सॉफ्टवेअर उभे असते त्यास मुक्त सॉफ्टवेअर किंवा 'ओपन सोर्स' असे म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' ह्या प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून ह्या चळवळीस निश्चित स्वरूप आले.

परंतु संहिता खुली असली, तरी प्रत्येक माणसाने ती स्वतः बांधून घ्यावी, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. म्हणून काही संस्था हजारो प्रोग्रॅम एकत्र करून, बांधून, तपासून लोकांस देतात. ह्यास वितरण म्हणतात. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेले 'डेबियन' हे अशा जुन्या वितरणांपैकी एक होय. आपल्या देशात सी-डॅक ह्या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही संगणकप्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. मूळ लेखकाने एखादा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, की वितरणाचा एक स्वयंसेवक त्याच्या फाइली घेतो, त्या आपल्या वितरणाच्या नियमांप्रमाणे बांधतो आणि सामान्य माणसास एका आज्ञेसरशी बसविता येईल असे 'पॅकेज' तयार करतो. ह्या स्वयंसेवकाचे काम बाहेरून दिसत नाही. परंतु त्याच्या हातून निघालेले पॅकेज लाखो यंत्रांवर जाऊन बसते. म्हणून त्याची जबाबदारी मोठी आहे.

यंत्रलिखित फाइली कशा जन्मास आल्या

मोठा प्रोग्रॅम शेकडो फाइलींचा असतो. त्यांपैकी कोणती फाइल कशापासून बनवावयाची, ही माहिती 'मेकफाइल' नावाच्या फाइलीत लिहून ठेवतात आणि 'मेक' हे साधन ती वाचून काम करते. 'मेक' हे स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केले. त्याची युक्ती सोपी आहे. एखादी वस्तू ज्या साहित्यापासून बनते ते साहित्य त्या वस्तूपेक्षा नवे असेल, तरच ती वस्तू पुन्हा बनवावयाची. नसेल तर आहे ती चालवावयाची. नवेजुनेपणा ठरतो तो फाइलीवर नोंदलेल्या वेळेवरून.

पुढे युनिक्स ह्या प्रणालीचे अनेक प्रकार झाले. एका यंत्रावर एखादी सोय असे, दुसऱ्यावर नसे. एका ठिकाणी तिचे नाव एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरे. तेव्हा प्रत्येक यंत्रासाठी निराळी मेकफाइल लिहिणे लेखकांस जड जाऊ लागले. ही अडचण दूर करण्यासाठी डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली 'ऑटोकॉन्फ' हे साधन तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे १९९४ साली 'ऑटोमेक' हे त्याचे जोडीदार साधन आले.

ह्या साधनांची साखळी अशी चालते. प्रोग्रॅमचा लेखक 'कॉन्फिगर.एसी' नावाची एक लहानशी फाइल लिहितो. सी भाषेचा कंपायलर शोधावा, अमुक लायब्ररी यंत्रावर आहे की नाही ते पाहावे, अशा अर्थाच्या मोजक्या ओळी तीत असतात. ऑटोकॉन्फ ह्या ओळींचा विस्तार करून 'कॉन्फिगर' नावाची दुसरी फाइल लिहिते. वीस-पंचवीस ओळींच्या पोटी येथे हजारो ओळींचे लिखाण जन्मास येते. तसेच लेखकाने लिहिलेल्या 'मेकफाइल.एएम' ह्या छोट्या फाइलीपासून ऑटोमेक 'मेकफाइल.इन' नावाचा लांबलचक आराखडा तयार करते. शेवटी वापरणाऱ्याच्या यंत्रावर 'कॉन्फिगर' चालविली, की ती त्या यंत्राची पाहणी करते, आराखड्यातील रिकाम्या जागा भरते आणि खरीखुरी 'मेकफाइल' तयार होते.

म्हणजे येथे तीन प्रकारच्या फाइली झाल्या. पहिला प्रकार माणसाने हाताने लिहिलेल्या फाइलींचा. दुसरा प्रकार लेखकाच्या यंत्रावर साधनांनी निर्माण केलेल्या फाइलींचा. तिसरा प्रकार वापरणाऱ्याच्या यंत्रावर बांधणीच्या वेळी निर्माण होणाऱ्या फाइलींचा. पहिला प्रकार म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील तक्ता. तिसरा प्रकार जागच्या जागी जन्मतो आणि काम संपल्यावर पुसून टाकता येतो. सारी अडचण आहे ती मधल्या, दुसऱ्या प्रकाराची.

लेखक प्रोग्रॅम प्रसिद्ध करतो तेव्हा सर्व फाइली एकत्र बांधून एक गठडी करतो; तिला टारबॉल म्हणतात. ह्या गठडीत तो दुसऱ्या प्रकारच्या फाइलीही घालतो. हेतू चांगलाच असतो. वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक नसले तरी त्याचे अडू नये, साध्या शेलवर आणि 'मेक'वर त्याचे काम व्हावे, हा तो हेतू. परंतु लेखकाचे रोजचे काम ज्या भांडारात चालते, त्या 'गिट' भांडारात ह्या निर्माण झालेल्या फाइली बहुधा ठेवीत नाहीत. कारण त्या केव्हाही पुन्हा निर्माण करता येतात. परिणाम असा होतो, की भांडारातील फाइली आणि गठडीतील फाइली तंतोतंत सारख्या राहत नाहीत. गठडीत काही अधिक असते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

तीन अडचणी

पॅकेज तयार करणाऱ्यास ह्या मधल्या प्रकारामुळे प्रामुख्याने तीन अडचणी येतात.

पहिली अडचण जुनेपणाची. गठडीत 'कॉन्फिग.गेस' आणि 'कॉन्फिग.सब' अशा दोन फाइली असतात. बांधणी कोणत्या जातीच्या यंत्रावर चालली आहे, हे ओळखणे हे त्यांचे काम. त्या लेखकाच्या यंत्रावरील साधनांतून नकलून गठडीत घातलेल्या असतात. २०११ साली आर्म कंपनीने चौसष्ट बिटांची नवी यंत्ररचना जाहीर केली. तिच्यावर चालणारी यंत्रे जेव्हा आली, तेव्हा त्यापूर्वी बांधलेल्या गठड्यांतील ह्या दोन फाइलींना ती मुळी ओळखताच येईनात. प्रोग्रॅममध्ये काहीही दोष नसता 'हे यंत्र मला ठाऊक नाही' असे म्हणून बांधणी पहिल्याच पायरीवर थांबे. जुना नकाशा हाती असलेल्या वाटसरूला नवे गाव सापडत नाही, त्यातलाच हा प्रकार. उपाय एकच. त्या फाइलींच्या नव्या प्रती आणावयाच्या. आणि त्याहून बरे म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या सर्वच फाइली बांधणीच्या वेळी नव्याने निर्माण करावयाच्या. 'ऑटोरीकॉन्फ' ह्या एका आज्ञेने हे काम होते. डेबियनमध्ये तर 'डेबहेल्पर' ह्या साधनसंचाच्या दहाव्या पातळीपासून ही पुनर्निर्मिती आपोआपच होते.

दुसरी अडचण चुकीच्या जागी केलेल्या दुरुस्तीची. बांधणीत काही बिघडले, की घाईत असलेला माणूस 'कॉन्फिगर' फाइल उघडतो, हजारो ओळींतून दोषाची ओळ शोधतो आणि तेथेच ती बदलतो. हे भिंतीवरील वेळापत्रकावर पेन्सिल चालविण्यासारखेच झाले. पुढच्या वेळी 'कॉन्फिगर' नव्याने निर्माण झाली, की दुरुस्ती नाहीशी होते. उलटपक्षी काही जण मूळ 'कॉन्फिगर.एसी' बदलतात खरे, पण 'कॉन्फिगर' पुन्हा निर्माण करीत नाहीत. मग 'मेक'ला दिसते, की साहित्य नवे आणि वस्तू जुनी. ते आपल्या स्वभावाप्रमाणे वस्तू पुन्हा बनवू पाहते, आणि त्यासाठी लागणारे ऑटोमेक त्या यंत्रावर नसले, की 'अमुक साधन येथे नाही' असे सांगून थांबते. गिट भांडारातून फाइली उतरविताना त्यांवरील मूळ वेळा टिकत नाहीत. त्यामुळे कोणी काहीही बदललेले नसतानाही कधीकधी हा घोटाळा होतो. तेव्हा नियम असा, की दुरुस्ती मुळात करावी आणि मग साखळीतील पुढील सर्व फाइली मुद्दाम पुन्हा निर्माण कराव्यात.

तिसरी अडचण स्वच्छतेची. बांधणी चालू असता गठडीतील काही फाइली बदलतात. काम संपल्यावर त्या पूर्वस्थितीत आल्या नाहीत, तर दुसऱ्या वेळी बांधणी करताना मूळ लेखकाने दिलेले काय आणि आपण बदललेले काय, हे सांगता येत नाही. डेबियनचे साधन असा अनपेक्षित बदल दिसला, की काम नाकारते, आणि ते योग्यच आहे. जी फाइल पुन्हा निर्माण होणारच आहे, ती बांधणीपूर्वी काढून टाकणे आणि बांधणीनंतरही पुसून ठेवणे, हा सर्वांत स्वच्छ मार्ग. स्वयंपाकघर आवरून ठेवणाऱ्या गृहिणीस ह्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

पुनर्निर्मितीही काही वेळा त्रास देते, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ऑटोकॉन्फची २.६९ ही आवृत्ती २०१२ साली निघाली आणि तिच्या पुढची २.७० ही आठ वर्षांनी, २०२० च्या डिसेंबरात. एवढ्या काळात लिहिल्या गेलेल्या अनेक जुन्या 'कॉन्फिगर.एसी' नव्या आवृत्तीला रुचल्या नाहीत. अशा वेळी जुनी 'कॉन्फिगर' तशीच चालवून घेण्याचा मोह होतो. परंतु जी फाइल आज आपणांस पुन्हा निर्माण करता येत नाही, तिची उद्या दुरुस्तीही करता येणार नाही. म्हणून मूळ फाइल सुधारावी आणि ती सुधारणा मूळ लेखकाकडे पाठवावी, म्हणजे तिचा लाभ सर्वांस होतो.

मूळ कोणते आणि उतारा कोणता

हे केवळ 'कॉन्फिगर'पुरतेच आहे असे नाही. ग्नू प्रकल्पाचा 'हॅलो' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. नमस्काराचे एक वाक्य दाखविणे एवढेच त्याचे काम. परंतु प्रोग्रॅम कसा बांधावा आणि पॅकेज कसे करावे, हे शिकविण्यासाठी तो नमुना म्हणून ठेवलेला आहे. त्याच्याबरोबर येणारे माहितीपत्रक कोणी माणूस लिहीत नाही. 'हॅलो'ला मदत मागितली असता तो जो मजकूर दाखवितो, त्यावरून 'हेल्पटूमॅन' हे साधन ते तयार करते. तेव्हा माहितीपत्रकात शुद्धलेखनाची चूक आढळली, तर ती माहितीपत्रकात सुधारून भागत नाही. ती प्रोग्रॅमच्या मजकुरात सुधारावी लागते.

आपल्या मराठीशी निगडित असेही एक उदाहरण आहे. अनेक मुक्त प्रोग्रॅमांतील शब्द आणि सूचना मराठीत भाषांतरित झालेल्या आहेत. मराठीची खूण 'एमआर' ही दोन अक्षरे होत. भाषांतरकार आपली वाक्ये 'एमआर.पीओ' ह्या वाचता येण्याजोग्या फाइलीत लिहितो. बांधणीच्या वेळी तिच्यापासून यंत्रास सोयीची, परंतु माणसास अवाच्य अशी 'एमओ' फाइल निर्माण होते. एखाद्या खिडकीत अशुद्ध मराठी वाक्य दिसले, तर ते सुधारावयाचे स्थान 'पीओ' फाइल हेच. ज्याने 'एमओ' तेवढी दिली आणि 'पीओ' दिली नाही, त्याने आपणांस वाक्य दाखविले, पण सुधारण्याचा अधिकार मात्र दिला नाही, असेच म्हणावे लागेल.

हाच विचार कायद्याच्या भाषेतही आलेला आहे. ग्नूच्या सार्वजनिक परवान्यात मूळ संहितेची व्याख्या अशी केलेली आहे, की एखाद्या कृतीत बदल करण्यासाठी जे रूप पसंत केले जाते तेच तिचे मूळ रूप. 'कॉन्फिगर' ही अक्षरे-शब्दांचीच फाइल असल्याने ती डोळ्यांना वाचता येते; परंतु बदल करण्यासाठी तिची निवड कोणी करणार नाही. म्हणून ती मूळ नव्हे, उतारा होय. केवळ वाचता येते म्हणून कोणतीही फाइल मूळ ठरत नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एका दुर्घटनेची हकिकत

आतापर्यंत सांगितल्या त्या अडचणी गैरसोयीच्या होत्या. आता सांगावयाची हकिकत धोक्याची आहे.

'एक्सझेड' नावाचे एक मुक्त साधन आहे. फाइलींचा आकार दाबून लहान करणे हे त्याचे काम. ते इतके उपयुक्त आहे, की बहुतेक प्रत्येक लिनक्स यंत्रावर ते असते. त्याची देखभाल लासे कॉलिन हे गृहस्थ अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने करीत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' ह्या नावाने वावरणारी एक व्यक्ती ह्या कामात मदत करू लागली. ही मदत दोन-अडीच वर्षे चालली. हळूहळू विश्वास वाढला आणि नव्या आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे अधिकारही त्या व्यक्तीस मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ अशा दोन आवृत्ती निघाल्या. त्या दोहोंत एक चोरदरवाजा दडविलेला होता.

तो कोठे दडविला होता, हे पाहण्यासारखे आहे. भांडारात तपासणीसाठी ठेवलेल्या काही दाबलेल्या फाइली होत्या. त्या माणसास वाचता येत नसल्यामुळे त्यांत काय आहे, हे कोणी पाहिले नाही. दुष्ट संहितेचे तुकडे त्यांत होते. पण ते तेथे निपचित पडून होते. त्यांना जागे करणारी कळ निराळ्या ठिकाणी होती. 'बिल्ड-टू-होस्ट.एम४' नावाची एक लहान फाइल गठडीत घातलेली होती आणि तिच्यात मूळच्यापेक्षा काही ओळी अधिक होत्या. ही कळ भांडारात नव्हती; ती केवळ गठडीत होती. बांधणीसाठी बाहेरून नकलून आणल्या जाणाऱ्या अशा फाइली गठडीत अधिक असतातच, असे सर्वांस ठाऊक असल्याने तिच्याकडे कोणी संशयाने पाहिले नाही. बांधणी सुरू झाली, की ती फाइल 'कॉन्फिगर'मध्ये आपला भाग मिसळी. तो भाग यंत्राची जात पाही, डेबियनच्या किंवा आरपीएम पद्धतीच्या पॅकेजची बांधणी चालली आहे काय हे पाही, आणि तसे असेल तरच तपासणीच्या फाइलींतून दडविलेली संहिता बाहेर काढून लायब्ररीत मिसळी.

दूरच्या यंत्रावर प्रवेश देणाऱ्या 'एसएसएच' ह्या सेवेचा एक्सझेडशी तसा थेट संबंध नाही. परंतु काही वितरणांत ती सेवा 'सिस्टमडी'च्या लायब्ररीमार्फत एक्सझेडच्या लायब्ररीपर्यंत पोहोचत होती. त्या वाटेने, ज्याच्याजवळ विशिष्ट गुप्त किल्ली असेल त्यास, कोणतीही ओळख न पटविता दुसऱ्याच्या यंत्रावर आज्ञा चालविता आल्या असत्या.

हे संकट टळले ते आन्द्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याच्या चिकित्सक बुद्धीमुळे. ते आपल्या दुसऱ्याच कामासाठी यंत्राची गती मोजीत होते. एसएसएचचा प्रवेश नेहमीपेक्षा सुमारे अर्ध्या सेकंदाने मंद झाला आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसरा एखादा 'असेल काहीतरी' म्हणून पुढे गेला असता. त्यांनी मागोवा घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जगापुढे मांडला. तोवर त्या आवृत्ती डेबियन आणि फेडोरा ह्यांच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोहोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत त्या शिरल्या नव्हत्या. सर्वत्र त्या तातडीने मागे घेण्यात आल्या. 'जिया टॅन' ह्या नावामागे खरोखर कोण होते, हे आजवर जाहीरपणे सिद्ध झालेले नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगावयास हवी. डेबियनमध्ये 'कॉन्फिगर' नव्याने निर्माण केली जात होती, तरीही चोरदरवाजा शिरलाच. कारण ती निर्माण करताना जे साहित्य वापरले जात होते, ती एम४ फाइल गठडीतलीच होती. शिवाय तिच्यावर घातलेला अनुक्रमांक खऱ्या फाइलीच्या पुढचा होता. आणि नवी समजली जाणारी फाइल साधने बदलीत नाहीत. भिंतीवरील वेळापत्रक आपण पुन्हा उतरविले खरे, पण कोणीतरी मधल्या मध्ये बदलून ठेवलेल्या तक्त्यावरून! तेव्हा 'पुन्हा निर्माण करा' एवढा नियम पुरेसा नाही. 'खऱ्या मुळावरून पुन्हा निर्माण करा', हा पुरता नियम होय.

आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील एक घटना ह्या ठिकाणी आठवते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत काळाच्या ओघात अपपाठ शिरले होते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रतीवरून प्रत होत गेली, की मूळ हरवते. ते परत मिळविण्यास एकनाथांसारखा अधिकारी पुरुष लागतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मूळ प्रत भांडारात सर्वांसमोर असते. ती समोर असूनही उताऱ्यावर डोळे मिटून विसंबणे, हा दोष मात्र सर्वस्वी आपलाच.

ध्यानात ठेवावयाचे नियम

ह्या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात असे मांडता येईल.

१. गठडी हाती आली, की प्रत्येक फाइलीविषयी विचारावे : ही माणसाने लिहिली, की साधनाने निर्माण केली, की कोठून नकलून आणली?

२. निर्माण झालेल्या फाइलीत हाताने दुरुस्ती करू नये. मुळात करावी आणि उतारा पुन्हा काढावा.

३. बांधणीपूर्वी निर्माण झालेल्या फाइली काढून टाकाव्यात आणि आपल्या यंत्रावर नव्याने निर्माण कराव्यात. जे निर्माण होत नाही ते का होत नाही, हे शोधावे.

४. गठडी आणि भांडार ह्यांतील फरक काढून पाहावा. अधिक आढळलेल्या प्रत्येक फाइलीचे कारण सांगता आले पाहिजे. शक्य तेथे थेट भांडारातून बांधणी करावी.

५. बांधणी संपल्यावर सारे पूर्ववत स्वच्छ ठेवावे, आणि मुळात केलेली सुधारणा मूळ लेखकास कळवावी.

स्वाध्याय

१. 'कॉन्फिगर.एसी', 'कॉन्फिगर', 'मेकफाइल.एएम', 'मेकफाइल.इन', 'मेकफाइल' ह्या पाच फाइलींचे वरील तीन प्रकारांत वर्गीकरण करा.

२. शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या देखरेखीखाली ग्नूच्या 'हॅलो'ची गठडी उघडा. तीतील 'कॉन्फिगर' आणि 'कॉन्फिगर.एसी' ह्यांच्या ओळी मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

३. आपल्या घरी मूळ आणि उतारा अशी जोडी कोठे आढळते? किराणामालाची यादी, लग्नपत्रिका, जन्मदाखल्याची प्रत ह्यांचा विचार करा. चूक आढळल्यास ती कोठे सुधारली पाहिजे, ते सांगा.

मित्रहो, महाराष्ट्राबाहेर राहूनही आपण मराठीतून शिकतो. आपल्यापैकी कोणी पुढे प्रोग्रॅम लिहील, कोणी पॅकेज बांधील, तर कोणी 'एमआर.पीओ' फाइलीत शुद्ध मराठी वाक्ये भरील. काम कोणतेही असो, हाती आलेल्या वस्तूचे मूळ कोठे आहे हे विचारण्याची सवय मात्र आजपासूनच लावून घेता येईल. आन्द्रेस फ्रॉइंड यांनी अर्ध्या सेकंदाचा फरक क्षुल्लक मानला नाही, म्हणून लाखो यंत्रांवरचे संकट टळले. उद्या भिंतीवरील वेळापत्रकात चूक दिसली, तर पेन्सिल बाजूस ठेवा आणि वर्गशिक्षकांना सांगून मुख्य तक्ता सुधारून घ्या. धडा तेथूनच सुरू होतो.